लाईट गेली तरी साईट चालू: सीमाभागातल्या नवशिक्यांसाठी

पावसाळ्यात खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात लाईट गेली की कधी येणार हे तासांत विचारायचं नसतं. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला झाड तारांवर पडतं, खांब वाकतो, आणि लाईनमनला भर पावसात लाईनच्या कडेकडेनं चालत जाऊन तुटलेली जागा शोधावी लागते. बेळगाव, निपाणी, चिकोडीत एवढं नसतं. पण तिथंही टीसी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की बदलून येईपर्यंत गल्लीच्या गल्ली अंधारात बसते. अशा मुलखात आपली पोरं घरातल्या छोट्या संगणकावरून स्वतःची वेबसाईट चालवायला लागली आहेत. कुणी गावच्या साहित्य संमेलनाचे फोटो ठेवतो, कुणी राजहंसगड-भीमगडाच्या भटकंतीची वर्णनं, कुणी नुसत्या कविता. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: बॅटरी केवढी घेऊ?

बॅटरी सगळ्यात शेवटी घ्यायची. त्याआधी साईट किती वीज खाते ते मोजायचं, ती कमी करायची, आणि इंटरनेटची लाईन जिथून येते तिथं लाईट गेल्यावर काय होतं ते शोधायचं. हा क्रम उलटा केला तर मोठ्या बॅटरीवर बारका संगणक डौलात चालू राहतो, पण इंटरनेट देणाऱ्या ऑपरेटरचं मशीन बंद पडल्यामुळं साईट मात्र कुणालाच दिसत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. तुम्हाला नुसतं एवढंच हवं असेल की साईट कायम दिसावी, तर घरी काहीच ठेवू नका. गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेससारख्या फुकट जागी साधी पानं चढवा आणि मोकळे व्हा, तिथं हेस्कॉमचा, म्हणजे आपल्या वीज कंपनीचा, संबंधच येत नाही. घरी साईट चालवायची ती आपला माल आपल्या घरात असावा म्हणून, शिकायला मिळावं म्हणून, किंवा शुद्ध हौस म्हणून. पुढचं सगळं त्या हौशी माणसांसाठी आहे.

साखळी कागदावर काढा

कोरा कागद घ्या. वाचकाच्या मोबाइलपासून तुमच्या संगणकापर्यंत मध्ये काय काय येतं ते ओळीनं लिहा, आणि प्रत्येकापुढं लिहा की त्याला करंट कुठून मिळतो. घरात साधारण तीन वस्तू निघतील: संगणक, वाय-फायचा राऊटर आणि फायबरची पेटी, म्हणजे ओएनटी. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या दोन्ही एकाच डब्यात असतात. घराबाहेर फायबर, आणि पलीकडं ऑपरेटरचं मशीन, ज्याला ओएलटी म्हणतात.

फायबर खऱ्या अर्थानं घरापर्यंत आलेलं असेल तर मधल्या वाटेवर विजेची गरज नसते. एका तारेच्या अनेक तारा करणारे जे स्प्लिटर खांबावर असतात, ते नुसत्या काचेचे असतात आणि करंटशिवाय चालतात. म्हणजे तुमच्या गल्लीत अंधार असला तरी ओएलटीला करंट आहे तोवर इंटरनेट येऊ शकतं. पण काही स्थानिक केबलवाले वाटेत कुणाच्या तरी गच्चीवर किंवा दुकानात स्विच बसवतात, तो त्या घराच्या करंटवर चालतो. ते घर अंधारात गेलं की तुमचं नेट गेलं. म्हणून ऑपरेटरच्या माणसाला दोन प्रश्न सरळ विचारा: माझी लाईन थेट ओएलटीवरून आहे की मध्ये स्विच आहे? आणि त्या जागी बॅकअप किती तासांचा आहे? तो "असतो की ओ बॅकअप" म्हणून वेळ मारून नेईल. तास किती, ते काढून घ्या.

घराच्या करंटचंही मूळ बघा. बऱ्याच गावांत गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीपंपांचा वेगळा असतो. पंपांच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच असतं. मळ्यात घर असेल तर तुम्ही कुठल्या फीडरवर आहात हे लाईनमनला विचारून ठेवा. तसं असेल तर तुमची रोजचीच परिस्थिती लांबलेल्या लोडशेडिंगसारखी आहे, आणि खालचे सगळे आकडे दीडपट-दुप्पट धरून चला.

वीजबिलावरचा आर. आर. नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक, मोबाइलमध्ये लिहून ठेवा. बिल कन्नडमध्ये असतं, आणि अंधारात बॅटरीच्या उजेडात तो नंबर शोधणं वैतागाचं काम आहे. वीज कंपनीच्या 1912 या नंबरवर तक्रार करताना तो हाताशी लागतो.

वॅट मोजा, मग कमी करा

प्लगमध्ये बसणारा छोटा वॅटमीटर मिळतो, तो आणा. अॅडॉप्टरवर लिहिलेला आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, वस्तू प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी खाते. राऊटरच्या अॅडॉप्टरवर 12 व्होल्ट 1.5 अॅम्पिअर, म्हणजे 18 वॅट लिहिलेलं असतं, आणि मीटरवर बहुतेक 6 ते 9 दिसतात.

जुना डेस्कटॉप टॉवर नुसता चालू ठेवला तरी 60 ते 80 वॅट घेतो. जुना लॅपटॉप स्क्रीन बंद करून 10 ते 20. रास्पबेरी पाय 4 हा तळहाताएवढा संगणक (पुढं नुसता 'पाय') साधी पानं वाटत बसला असेल तर 3 ते 4 वॅटच्या आसपास, सोबत छोटा एसएसडी (बाहेरची डिस्क) जोडला तर 5 धरा. पाय झीरो 2 त्याहूनही कमी. साध्या साईटला डेस्कटॉप लावणं म्हणजे एक पेंडी गवत आणायला ट्रॅक्टर-ट्रॉली काढणं.

याला घरच्या बिलाचीही बाजू आहे. 2023 मध्ये सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत कर्नाटकात 200 युनिटपर्यंत वीज फुकट आहे, पण तुमच्या घराची जी जुनी सरासरी, तिच्यापेक्षा थोडी जास्त एवढीच मर्यादा तुम्हाला मिळते. 200 च्या वर गेलात तर सगळं बिल भरावं लागतं. 80 वॅटचा डेस्कटॉप दिवसरात्र चालवला तर महिन्याला 57-58 युनिट होतात. घरच्यांना वेबसाईट म्हणजे काय ते कळो न कळो, बिल वाढलं की कारण बरोबर कळतं. पाय आणि राऊटर मिळून 13 वॅट धरले तर महिन्याला साडेनऊ युनिटच्या आत राहतं.

लॅपटॉप घरात पडून असेल तर तो वाईट नाही. त्याची स्वतःची बॅटरी तास-दोन तास ओढते, म्हणजे छोट्या खंडांना वेगळं काही लागत नाही. झाकण मिटल्यावर झोपी जाऊ नये अशी सेटिंग करा, आणि चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. नाहीतर कायम 100 वर राहून बॅटरी फुगते.

साईट हलकी करा

वर्डप्रेस आणि डेटाबेस सोडून देता येत असेल तर सोडा. ह्यूगोसारखं साधन वापरून आधीच तयार केलेली पानं ठेवा. मग प्रत्येक वाचकासाठी संगणकाला काही शिजवावं लागत नाही, आणि पुढं दुसरीकडं प्रत ठेवायची वेळ आली की नुसता एक फोल्डर उचलायचा असतो.

मराठी साईटवाल्यांचं एक खास दुखणं म्हणजे फॉन्ट. देवनागरीचा वेब फॉन्ट जोडाक्षरांमुळं रोमनपेक्षा बराच जड असतो, आणि लोक हौसेनं तीन-तीन जाडीचे फॉन्ट जोडतात. वाचकाच्या फोनमध्ये देवनागरी फॉन्ट असतोच, तोच वापरा. मजकुराचं वजन फार नसतं: यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर किंवा मात्रा 3 बाइट घेते, पण सर्व्हरवर जीझिप चालू केलं की ते चांगलंच दाबलं जातं. फोटो वेबपी या हलक्या प्रकारात करा आणि रुंदी 1000 पिक्सेलच्या आत ठेवा.

हे कशासाठी, ते हिशोबानं बघा. लांब अंधारात तुम्ही मोबाइलच्या डेटावर जाणार. रोजचा 1.5 जीबीचा पॅक असेल आणि पान 2 एमबीचं असेल, तर साडेसातशे वेळा पान उघडलं की पॅक संपला. पान 60 केबीचं असेल तर तोच पॅक 25 हजार वेळांना पुरतो.

आता बॅटरी

हिशोब वॅट-तासांत करायचा. 13 वॅट गुणिले 24 म्हणजे दिवसाला 312 वॅट-तास. दोन दिवस ओढायचे तर 624.

बऱ्याच घरांत इन्व्हर्टर आणि 12 व्होल्ट 150 एएचची (अॅम्पिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी असते. कागदावर ती 1800 वॅट-तासांची. अशी लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून निम्मी, 900, एवढीच आपली समजा. यावर 13 वॅट चालवले तर जवळजवळ तीन दिवस व्हायला हवेत. पण होत नाहीत, कारण इन्व्हर्टर स्वतःच नुसता चालू राहायला 10 ते 20 वॅट खातो. तो 12 व्होल्टचे 230 करतो, आणि राऊटरचा अॅडॉप्टर त्या 230 चे परत 12 करतो. या जाण्या-येण्यात निम्मी बॅटरी वाया जाते आणि तुम्ही तीस तासांच्या आसपास येऊन थांबता. त्यात घरच्यांनी पंखा लावला, म्हणजे आणखी 70 वॅट, की रात्रही निघत नाही.

म्हणून साईटसाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवा आणि इन्व्हर्टरला वाटेतून काढा. बॅटरीच्या 12 व्होल्टवरून राऊटरला 12 व्होल्ट आणि पायला 5 व्होल्ट थेट द्या. यासाठी दोन छोटे डीसी कन्व्हर्टर लागतात. राऊटर थेट बॅटरीला जोडायचा मोह टाळा: चार्जिंग चालू असताना बॅटरीचं व्होल्टेज 14.4 पर्यंत चढतं आणि उतरताना 11 च्या खाली जातं. मध्ये कायम 12 देणारा, चढ-उतार दोन्ही सांभाळणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर हवा.

जोडणीत नवशिक्यांचं घोडं हमखास अडतं ते पिनेपाशी. राऊटरची गोल पिन बाहेरून 5.5 मिलिमीटरची दिसते, पण आतलं भोक 2.1 किंवा 2.5 अशा दोन मापांचं असतं. 2.5 ची पिन 2.1 च्या राऊटरमध्ये जाते, दिवाही लागतो, पण ती सैल बसते. मग पंख्याच्या वाऱ्यानं वायर हलली तरी राऊटर रिस्टार्ट होतो आणि माणूस दोन दिवस सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतो. जुन्या अॅडॉप्टरची पिन दुकानात सोबत न्या आणि तसलीच मागा. अॅडॉप्टरवर मधे टिंब आणि बाजूला अर्धगोल असं चिन्ह असतं, त्यात मधल्या टिंबाला अधिक आहे का तेही बघून घ्या.

पायच्या बाजूला वायर जाड आणि आखूड हवी. 5 व्होल्ट लांब, बारीक वायरीतून नेले की वाटेत गळतात. 4.63 च्या खाली आले की पाय व्होल्टेज कमी असल्याचा इशारा देतो आणि कधीही अडखळतो. कन्व्हर्टर 5.1 वर लावा, पायच्या शेजारी ठेवा, आणि लांबचा पल्ला 12 व्होल्टच्या वायरीला करू द्या. बॅटरीच्या अधिक टोकाला, टर्मिनलपासून वितीच्या आत, 5 अॅम्पिअरचा फ्यूज घाला. हे ऐच्छिक नाही. शॉर्ट झालेली 12 व्होल्टची बॅटरी वायर लाल करते आणि पडद्याला आग लावते.

कुठली बॅटरी? पैसे असतील तर लिथियम फेरो फॉस्फेट. 12.8 व्होल्ट 100 एएच म्हणजे 1280 वॅट-तास, त्यातले 80-90 टक्के बिनधास्त वापरता येतात. कन्व्हर्टरची गळती धरूनही 13 वॅटवर तीन दिवस निघतात. दुसरा फायदा आपल्याकडं जास्त मोलाचा आहे. लांबलेल्या खंडात लाईट मध्येच तीन-चार तास येऊन परत जाते. मोठी ट्युब्युलर बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात, त्या चार तासांत ती कशीबशी तिसरा हिस्सा भरते. लिथियम, चार्जर जोरदार असेल तर, तेवढ्यात बरीच सावरते. चार्जर मात्र तिच्याचसाठीचा घ्या, लेड-अॅसिडचा लावू नका.

ज्यांना फक्त संध्याकाळचे दोन-तीन तास सांभाळायचे आहेत त्यांना राऊटरचा मिनी यूपीएस पुरतो. डब्यावर 10,000 एमएएच वाचून हुरळू नका, तो आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो. प्रत्यक्षात ते 37 वॅट-तास, आणि 8 वॅटच्या राऊटरला गळती धरून जेमतेम चार तास. ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावणारेही आहेत. ती इंजिन चालू करायला क्षणभर जोरदार करंट देण्यासाठी बनवलेली असते, तिला दिवसभर हळूहळू पिळलं की लवकर मरते, आणि मग पेरणीच्या सकाळी घरात जे ऐकावं लागतं ते वेगळंच.

घरचाच इन्व्हर्टर वापरायचा असेल तर त्याच्या मागं यूपीएस आणि इको असा खटका असतो तो बघा. यूपीएसवर तो झटकन बॅटरीवर जातो, पाय रिस्टार्ट होत नाही. पण त्या मोडमध्ये तो साधारण 180 व्होल्टच्या खालचा करंट घेत नाही. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज 160-170 वर घसरलं की लाईट असूनही तो बॅटरीच खात बसतो. तुमच्या गावात दिवे मिणमिणत असतील तर इकोवर ठेवा, आणि पायला स्वतःची छोटी बॅटरी द्या.

लेड-अॅसिड बंद माळ्यावर किंवा कपाटात ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, वारा खेळता हवा.

सोलरबद्दल थोडं कडवट

बार्सिलोनातून चालणारी लो-टेक मॅगझिनची साईट 2018 पासून घरच्या छोट्या सोलर पॅनलवर आहे. तिचा सर्व्हर 1 ते 2.5 वॅट खातो, आणि लांब ढगाळ हवेत ती सरळ बंद पडते, तसं ते जाहीरही करतात. वाचून हुरूप येतो. पण बार्सिलोनात आपला जुलै नसतो. आपल्याकडं लाईट सगळ्यात जास्त जाते तेव्हाच ऊन नसतं. एप्रिलमध्ये 100 वॅटचं पॅनल दिवसाला 400 वॅट-तास देईल, तेच खानापूरच्या झडीत 60 ते 100 वर येईल, आणि आपल्याला हवेत 312. म्हणजे पावसाळ्यासाठी तीन ते पाच पॅनलं लागतील, जी उरलेले आठ महिने गरजेपेक्षा जास्त वीज देत राहतील. ती दुसऱ्या कामाला लागणार असतील, पंपाच्या स्टार्टरला नाही पण दिव्यांना तरी, तर जरूर घाला. एरवी तो पैसा मोठ्या बॅटरीत टाका. पॅनल घातलंच तर दक्षिणेकडं तोंड करून 16 अंशांच्या आसपास कलवा, आणि खालच्या कडेला साचणारं शेवाळ-पालापाचोळा पुसत राहा.

इंटरनेटची दुसरी वाट

फायबर बंद पडलं तर मोबाइल. इथं एक अडचण येते: मोबाइल कंपनी तुम्हाला सहसा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता देत नाही. सीजीनॅटमागं हजारो गिऱ्हाइकं एकाच पत्त्यावर असतात, त्यामुळं बाहेरून कुणी तुमच्या संगणकापर्यंत येऊ शकत नाही. उपाय म्हणजे बोगदा. तुमचा संगणक आतून बाहेर जोडणी करतो आणि वाचक त्याच जोडणीतून परत येतात. क्लाउडफ्लेअर टनेल हा त्यातला सोपा आणि फुकट मार्ग. ज्यांना सगळी वाहतूक एका कंपनीच्या हातातून जायला नको असेल त्यांनी छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन वायरगार्ड हे बोगद्याचं सॉफ्टवेअर लावावं. दोन्हींत खाली फायबर आहे की फोन, यानं फरक पडत नाही. नेट बदललं की बोगदा आपोआप परत उभा राहतो, डोमेनच्या नोंदीला हातही लावावा लागत नाही.

फोन यूएसबीनं पायला जोडून टेदरिंग चालू करा, एवढंच पुरतं. फायबरचा डबा बंद केला तर 8 वॅट वाचतात ते वेगळेच, फक्त फोनच्या चार्जिंगचे थोडे त्यातून वजा करा.

आता टॉवरचं. टॉवरलाही बॅटऱ्याच असतात, आणि त्या काही तासांच्याच असतात. पुढच्या वेळी लाईट जाईल तेव्हा दर दोन तासांनी कुठल्या कंपनीची रेंज टिकते ते टिपून ठेवा आणि जी शेवटपर्यंत टिकते तिचं सिम घ्या. जाहिरात बघून सिम निवडू नका. आणि सीमेवर राहण्याचा एक फायदा इथं आहे. उचगाव, बेकिनकेरेच्या बाजूला घर असेल तर कधी कधी फोन चंदगड तालुक्यातला टॉवर पकडतो, निपाणीकडं कागलच्या बाजूचा. त्या टॉवरचा करंट महावितरणचा, आपला हेस्कॉमचा. आपल्या बाजूचा फीडर पडला म्हणून तो पडेलच असं नाही.

हाच धागा पुढं न्या. सीमेपलीकडं पाहुणे नसलेलं घर आपल्याकडं सापडायचं नाही. शिनोळीत, चंदगडात, गडहिंग्लजला मावशी, आत्या, मेव्हणा कुणीतरी असतोच. दुसरा एक छोटा पाय त्यांच्याकडं ठेवा, साईटची तीच प्रत त्याच्यावर घाला. क्लाउडफ्लेअर टनेलमध्ये एकच बोगदा दोन यंत्रांवर एकाच वेळी चालवता येतो: एक बंद पडलं की वाचक आपोआप दुसऱ्यावर जातात. प्रती सारख्या राहाव्यात म्हणून सिंकथिंग लावा. दोन राज्यं, दोन वीज कंपन्या, आणि जमलं तर दोन वेगळे इंटरनेटवाले. एवढी सोय मोठ्या बॅटरीनंही होत नाही. पाहुण्यांना एवढंच सांगून ठेवा की झाडलोट करताना तो प्लग काढायचा नाही, आणि महिन्याला तीन-चार युनिट जातात तेवढ्यापुरते दिवाळीला त्यांच्याकडं काहीतरी घेऊन जा.

पाहुण्यांकडं जमत नसेल तर सुरुवातीला सांगितलेल्या फुकट जागी प्रत ठेवा, आणि डोमेनचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ वापरली जाते तो काळ) 300 सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे नोंद बदलली की पाच-दहा मिनिटांत बहुतेक वाचक तिकडं वळतात. हे लाईट असतानाच करायचं. आधीचा टीटीएल एक दिवसाचा असेल तर ऐनवेळी बदलून उपयोग नसतो. क्लाउडफ्लेअरच्या मागं असाल तर त्यांची ऑलवेज ऑनलाइन सोयही चालू करून टाका. तुमचं घर बंद असेल तेव्हा ती इंटरनेट अर्काइव्हमधली जुनी प्रत दाखवते. जुनी का होईना, पान दिसतं.

बंद पडायचंच असेल तर नीट पडू द्या

कितीही केलं तरी कधीतरी बॅटरी संपणार. चालू असलेल्या पायचा करंट मध्येच तुटला की मेमरी कार्डावरचं लिखाण अर्धवट राहतं आणि कधी कधी कार्डच उघडत नाही. यावर लोक बॅटरी उतरली की संगणक आपोआप शटडाऊन करणारी स्क्रिप्ट लावतात. ती लावा, पण तिच्यात एक फट आहे. पाय शटडाऊन झाला, बॅटरी मात्र अजून पूर्ण उतरलेली नाही, आणि तेवढ्यात लाईट आली, तर पाय बंदच राहतो. त्याचा 5 व्होल्ट करंट गेलेलाच नसतो, मग परत चालू कशावरून व्हावा? तुम्ही घरी नसाल तर साईट लाईट असूनही बंद.

माझं मत असं की साध्या साईटला शटडाऊनच्या भानगडीत पडू नये. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या साधनात ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. कार्डावर काही लिहिलंच जात नाही, त्यामुळं करंट कधीही तुटला तरी बिघडत नाही. पानं बदलायची असतील तेवढ्यापुरतं ते बंद करायचं आणि नंतर परत चालू. सिंकथिंग वापरणार असाल तर साईटचा फोल्डर वेगळ्या एसएसडीवर ठेवा. आणि बॅटरीच्या पुढं कमी व्होल्टेजला तोडणारं रिले लावा, जे लेड-अॅसिडला 11.8 ला तोडतं आणि बॅटरी भरायला लागून 12.6 च्या वर गेली की परत जोडतं. मग पाय आपोआप उठतो. डेस्कटॉप किंवा मिनी पीसी असेल तर बायोसमध्ये करंट आल्यावर आपोआप चालू हो, अशी सेटिंग असते, ती शोधा.

आणखी एक बारीक गोष्ट. पाय 4 ला स्वतःचं घड्याळ नसतं. तो उठला आणि नेट अजून आलेलं नसेल तर त्याची वेळ मागं राहते. वेळ चुकीची असली की सुरक्षा प्रमाणपत्रं पटत नाहीत, वायरगार्डही मागच्या वेळेची हाक नाकारतं. डीएस 3231 नावाचं छोटं घड्याळ मिळतं, नाण्याएवढ्या सेलवर चालतं. ते बसवून टाका. पाय 5 मध्ये घड्याळ आहे, पण त्याचा सेल वेगळा लावावा लागतो.

एकदा मुद्दाम लाईट घालवा

मे महिन्यात, वळीव सुरू व्हायच्या आत, एखाद्या रविवारी मेन स्विच पाडा. घरच्यांना आधी सांगून. साईट घराच्या वाय-फायवरून बघू नका, मोबाइलच्या डेटावरून बघा, नाहीतर घरातल्या घरात फिरून ती चालू असल्याचा भास होतो. अपटाइम रोबोटसारखी बाहेरून तपासणारी सेवा लावली की दर पाच मिनिटांनी नोंद आपोआप होते. मल्टीमीटरनं बॅटरीचं व्होल्टेज दर तासाला वहीत लिहा. भार काढून थोडा वेळ थांबवलेल्या लेड-अॅसिडचं व्होल्टेज 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 11.8 म्हणजे संपल्यात जमा. लिथियमला हा हिशोब लागू नाही, तिचं व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं, तिच्यासाठी वॅट-तास मोजणारा मीटरच हवा.

प्रत्यक्ष लांब खंड सुरू झाला की पहिल्या तासात घाई करू नका. 1912 ला तक्रार द्या, टीसी गेली की खांब पडला ते लाईनमनकडून कळलं तर किती दिवसांचं काम आहे याचा अंदाज येतो. दिवसाच्या वर जाणार असं दिसलं तर फायबरचा डबा बंद करून मोबाइलवर या, साईट सोबतच्या एसएसडीवर नसेल तर तो काढा, पहिल्या पानावर एक ओळ टाका: लाईट नाही, साईट बॅटरीवर आहे, फोटो उशिरा उघडतील. वाचक समजून घेतात, इथल्या वाचकांच्या घरीही लाईट गेलेलीच असते.

विजा कडाडत असतील तर चार्जरचा प्लग भिंतीतून काढूनच ठेवा, तशीही लाईट नाहीच. लाईट आल्यावर तो लगेच परत लावू नका. दुरुस्तीनंतर पहिली काही मिनिटं करंट येतो-जातो, व्होल्टेज वर-खाली होतं, आणि न्यूट्रल सैल राहिला असेल तर 230 च्या जागी 300 च्या पुढंही जातं. घरातला एक बल्ब दहा मिनिटं स्थिर जळू द्या, मगच चार्जर. लेड-अॅसिड पूर्ण भरली की झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर आधी झाकणं परत घट्ट बसवून आणि वायरी सोडवून गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून घासून काढा, पुसून कोरडं करा आणि वरून व्हॅसलिन लावा.